सुईणबाईच्या गाडीचा आवाज

पुरबालिंग्गा गावात मोटरसायकलचे सायलेन्सर हाताने ठोकून बनवतात. एकदोन घरांत नव्हे, गल्लीच्या गल्ल्या तेच काम करतात. तिथे जन्मलेलं पोर अंगाईआधी हातोडीचा ठोका ऐकतं, असं तिथले लोक मोठ्या ऐटीत सांगतात. बिचाऱ्या पोराला कुणी विचारलेलं नसतं. ही गोष्ट मात्र ठोकणाऱ्यांची नाही. त्यांच्यातल्या एकाने ठोकलेला एक सायलेन्सर ज्या बाईमुळे सगळ्या डोंगराला पाठ झाला, तिची आहे.

बाईचं नाव रुमियाती. सरकारी सुईण. स्लामेत डोंगराच्या अंगावर कोबीची आणि बटाट्याची शेतं जिथे संपतात आणि पाइनचं जंगल लागतं, तिथपर्यंतच्या सगळ्या वस्त्या तिच्याकडे होत्या. लोक तिला 'बू बिदान' म्हणत, म्हणजे सुईणबाई. तिचं खरं नाव निम्म्यांना ठाऊकच नव्हतं, आणि उरलेल्यांना ते लागत नव्हतं.

कचेरीने तिला गाडी दिली होती ती 'ट्रेल'. उंच, सडपातळ, डांबरी रस्त्यावरही चालणारी आणि दगडगोट्यांतूनही. गाडी गुणाची होती, पण तिच्यात एक मोठी खोट होती, आणि ती कारखान्याची नव्हती. जंगल खात्याच्या रखवालदाराकडेही हुबेहूब तशीच ट्रेल होती. आवाजही तोच, मऊ, दबक्या पावलांनी येणाऱ्या मांजरासारखा. डोंगरावर दुपारनंतर धुकं उतरलं की दहा हातांवरचं माणूस दिसत नाही. तिथे कोण आलं हे डोळे सांगत नाहीत, कान सांगतात. आणि वरच्या वस्तीतल्या प्रत्येक चुलीत जंगलातलंच लाकूड जळत असतं.

रुमियाती पहिल्यांदा कालिलुंबू वस्तीवर गेली तेव्हा तिशीच्या आतली होती, आणि नाकावर माशी बसू देत नव्हती. वस्तीच्या तोंडाशी पोचते तो काय, पटापट दारं लागली. चुलींवर पाणी ओतल्याचा फस्स आवाज झाला. कोंबड्या तेवढ्या बाहेर राहिल्या. तिने एकेक दार ठोठावलं, हाका मारल्या; कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी कोबीच्या खोपीमागे मिसदी नावाचा एक शेतकरी सापडला, काखेत ओंडका धरून बसलेला.

"लाकूड माझं नाही हो साहेब," तो डोळे मिटून म्हणाला.

"मेल्या, डोळे उघड. मी साहेब दिसते? सुईण आहे मी. बाळंतीण कुठाय?"

मिसदीने एक डोळा उघडला. "अगं बाई! मग तसं वाजत यायचं ना!"

बाळंतीण त्याच्याच घरात होती, त्याची बायको. चूल विझलेली, पाणी गार. त्या दिवशी सगळं निभावलं, पण खाली येताना रुमियातीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ती घरी गेलीच नाही. थेट पुरबालिंग्गाच्या गल्लीत वासमोच्या पत्र्याच्या शेडपुढे गाडी लावली.

वासमो तिच्याहून थोडा मोठा, म्हणून कांग वासमो, म्हणजे वासमोदादा. तोंडाने फटकळ आणि हाताने हळुवार. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"किती मोठा आवाज हवाय? पोलीस पकडतील इतका, की त्याच्याहून थोडा कमी?"

"मोठा नको. माझा हवा."

"तुझा म्हणजे?"

"ऐकल्यावर दारं उघडली पाहिजेत, कांग. लागायला नकोत."

वासमोने डोकं खाजवलं. अशी मागणी त्याच्याकडे आजवर कुणी केली नव्हती. पोरं यायची ती 'शेजाऱ्याची झोप उडाली पाहिजे' म्हणणारी. मग त्याने नळी घेतली, तिच्यात नदीची सुकी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडाची बुचं मारली आणि आगीच्या झोताखाली लाल करून हळूहळू वाकवली. वाळू भरली नाही तर वाकताना नळी चेपते, दम कोंडतो. डब्यात जाळीची नळी घातली, तिच्याभोवती काचेचा कापूस गुंडाळला, थोडा काढला, पुन्हा घातला. प्रत्येक वेळी तिला म्हणायचा, "जा, त्या वळणापर्यंत जाऊन ये. मी इथे बसून ऐकतो." ती जायची, यायची. दोनतीन दिवस हाच खेळ चालला. गल्लीतल्या लोकांनी अर्थातच काय ते ठरवून टाकलं. ते ठरवणं फुकट गेलं. वासमोचं लग्न झालेलं होतं आणि रुमियातीला चढायला डोंगर होता.

शेवटी जो आवाज आला तो कुणाच्याच गाडीला नव्हता. खोल, घुमणारा, आणि गॅसची मूठ सोडली की मधेच अडखळून दोनदा खाकरणारा. एखादा म्हातारा घरात शिरताना मुद्दाम खाकरतो ना, बायामाणसांनी पदर सावरावा म्हणून, तसा.

"झालं," वासमो म्हणाला. "आता बसवायला शीक. वर डोंगरात नट सैल झाला तर मी काय उडत येऊ?"

आणि त्याने तिला शिकवलं. इंजिनाच्या तोंडाशी जुनी तांब्याची कडी चिकटून बसते, ती आधी उचकटून काढायची. जुनीवर नवी बसवलीस तर हवा फुटेल. सगळे नट आधी नुसते बोटांनी लावायचे, नळीला तिची जागा आपणहून सापडू द्यायची. मग आवळायचं, आणि तेही इंजिनाकडून मागे, मागून पुढे नाही. स्प्रिंगा आकड्याने ओढायच्या, नाहीतर बोट जातं. कार्बुरेटरमधलं पेट्रोल सोडणारं जेट एक नंबर मोठं टाकायचं. आणि गाडी सुरू करण्याआधी नळी रॉकेलच्या फडक्याने लख्ख पुसायची.

"का?"

"बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तापल्यावर तो पोलादात भाजून बसतो. जन्मभर जात नाही."

एवढं सांगून तो स्वतःच एक जागा पुसायला विसरला. वाकणावर त्याच्या अंगठ्याचा निळसर ठसा उमटला तो उमटलाच. रुमियाती गाडी धुताना तो बघायची आणि हसायची. कधी हसायची नाही, नुसती बघायची.

त्यानंतर डोंगराची सवय बदलली. धुक्यातून तो आवाज आला की कालिलुंबूत दारं उघडायची, चुलीवर पाणी चढायचं, आणि ओढ्याच्या उतारावर दोघं गडी दोर घेऊन धावत यायचे, कारण तो ओढा एकट्याने ओलांडण्यासारखा नव्हताच. कुणी कुणाला सांगितलं नाही, नेमलं नाही. आवाज आला की हे व्हायचं. मधे कचेरीने गाडी बदलून दिली तेव्हा वासमोने इंजिनाकडचं तोंड तेवढं नवं जोडलं, बाकी वाकण आणि डबा तोच ठेवला. अर्धा डोंगर रुमियातीच्या हातात जन्मला. बाळाच्या प्रत्येक जेवणावळीत पहिलं ताट तिचं असायचं. जेवणावळ संपली की लोक आपापल्या घरात जात, आणि ती आपल्या. तिचं लग्न एकदा ठरत आलं होतं, पण वेळीअवेळी डोंगर चढणारी सून त्या घराला नको होती. तिनेही मग तो विषय सोडून दिला. पाहुणी सगळ्यांची होती, घरातली कुणाचीच नाही.

रोज परत येताना ती कुठे थांबायची तर यू कार्सीच्या चहाच्या टपरीवर. 'यू' म्हणजे ताई. कार्सीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती भांडायला उठायची. तिचं सगळं कानांवर चालायचं. रुमियातीचा सायलेन्सर वरच्या वळणावर खाकरला की ती आलं ठेचायला घ्यायची. गाडी टपरीशी थांबेपर्यंत नारळाच्या गुळाचा वाफाळता चहा आणि गरम मेंदोआन, म्हणजे पिठात बुडवून अर्धवट तळलेली आंबवलेल्या सोयाबीनची वडी, बाकावर तयार असायचं. बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला. ती जागा तिची होती.

मग ती निवृत्त झाली. सरकारला सुईण बदलायला माणूस मिळतो. ती बाई निवृत्त होऊन करणार काय, याचा विचार करायला नसतो. कचेरीतून निरोप आला की गाडी मूळ अवस्थेत जमा करावी. मूळ अवस्थेत म्हणजे कारखान्याच्या सायलेन्सरसकट.

खरं सांगायचं तर त्या निरोपाकडे कुणी दोनदा बघितलं नसतं. गाडी आहे तशी दिली असती तरी साहेबाला फरक कळला नसता. पण रुमियातीने तो निरोप घट्ट धरला. तिला ती वस्तू हवी होती. एवढ्या वर्षांत स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे काय होतं? पोरं दुसऱ्यांची, गाडी सरकारची, डोंगर देवाचा. तो आवाज तेवढा तिचा. तो दुसरीच्या हाती गेला तर आपण कुणीच उरणार नाही, असं तिला वाटलं, आणि ते तिला सहन झालं नाही.

ती वासमोकडे गेली. त्याने ऐकून घेतलं आणि हातोडी पुन्हा उचलली.

"मी बसवतो. काढत नाही."

"नियम आहे, कांग."

"नियम कुणाला सांगतेस? वर काय होईल ते तुला माहीत आहे. मला कशाला पापात ओढतेस?"

"लोक शिकतील नवा आवाज."

"तो नवा कुठाय, बाई? तो रखवालदाराचा आहे."

ती तशीच घरी आली. अंगणात एकटीने सीट काढली, स्प्रिंगा सोडल्या, नट सोडले. जुना कारखान्याचा सायलेन्सर लावून दिला, जेटही जुनं टाकलं. काढलेला सायलेन्सर तिने एका सेलेंडांगमध्ये गुंडाळला. सेलेंडांग म्हणजे पोर पाठीशी बांधायचं लांब कापड. बाळंतिणींनी दिलेली अशी कापडं तिच्या पेटीत ढिगाने होती, आणि बांधायला आजवर काही नव्हतं. ते गाठोडं तिने पलंगाखाली सरकवलं.

नवी सुईण आली ती लारसाती. सगळे लारस म्हणत. पोरगी नीटनेटकी, हळू बोलणारी, बूट रोज पुसणारी. तिने वाकून रुमियातीचा हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "बू, मला सगळं सांगा. मला काहीच माहीत नाही."

रुमियातीने सांगितलं. कुठला ओढा कधी फुगतो, कुठली सासू खोटं बोलते, कोणाला मागच्या वेळी रक्त गेलं होतं. सगळं सांगितलं. एक सोडून.

पुढचे दिवस कसे गेले म्हणाल तर गेलेच नाहीत. रुमियाती सकाळी झाडू मारायची, दुपारी पुन्हा झाडू मारायची. अंगणात कचरा तरी किती असणार! कधी पलंगाखालचं गाठोडं ओढून उघडायची, अंगठ्याच्या ठशावर आपला अंगठा ठेवायची आणि परत बांधायची. सायलेन्सर पलंगाखाली मुका पडून होता, आणि ती खुर्चीत. तो जपून ठेवल्याने ती काही पुन्हा सुईणबाई झाली नाही.

संध्याकाळी ती चालत कार्सीच्या टपरीवर जायची. रबरी सपाता, पावलांचा आवाज नाही. कार्सीचं हल्ली डोकंही ठिकाणावर राहत नसे. कालचं आज विसरायची.

"कोण?"

"मी, रुमी."

"कोण रुमी?"

"सुईण."

"हट! सुईणबाई आली की मला वळणावर कळतं," कार्सी म्हणायची, आणि कुणी वाटसरू असेल म्हणून साधा चहा पुढे करायची. पहिल्या दिवशी रुमियाती हसली. नंतर तिने नाव सांगणं सोडलं. कोण म्हटलं की नुसतं 'मी' म्हणायची.

एक दिवस दुपारी धुकं दाट उतरलं होतं. रुमियाती दारात बसली होती आणि रस्त्यावरून ट्रेल वर गेली. मऊ, दबका आवाज. पाठीला बॅग म्हणजे लारस. मिसदीची सून भरल्या दिवसांची आहे हे रुमियातीला पक्कं ठाऊक होतं. धावत रस्त्यावर गेली असती, हाक मारली असती, तर पोरगी थांबली असती. ती उठलीसुद्धा. मग पुन्हा बसली. शिकतील लोक, असं स्वतःलाच म्हणाली, आणि तिचं तिलाच ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी लारस तिच्या दारात उभी राहिली. मनगटाला पट्टी, बुटांना चिखल.

"बू, मी बदली मागणार आहे."

"आत ये. काय झालं?"

"ते लोक माझा राग करतात. मी त्यांचं काय केलंय?" पोरीचा आवाज फुटला. "तुम्ही म्हणाला होतात ओढ्यावर माणसं येतात. कुणी नव्हतं. मी हॉर्न वाजवला, हाका मारल्या. शेवटी एकटी निघाले तर गाडीसकट पाण्यात आडवी झाले. बॅग भिजली. चालत वर गेले, तर सगळी दारं बंद. आत माणसं होती, बू! मला श्वास ऐकू येत होते. मी 'बिदान, बिदान' ओरडत होते, पण वाऱ्याने कुणाला ऐकू गेलं नसावं."

"आणि बाळंतीण?"

"शेवटी दार ढकलून मी शिरले तेव्हा मूल झालं होतं. सासूच्या हातांनी. चूल विझवून टाकलेली, घोटभर गरम पाणी नाही. रक्त जात होतं. थांबवलं मी. मग सगळ्यांनी मिळून तिला बटाट्याच्या गाडीतून खाली आणलं. दोघं वाचलीत. वाचलीत, पण नशिबानेच. सासू मला काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, आमची सुईणबाई वाजत यायची."

रुमियातीला गप्प बसता आलं असतं. पोरीला काहीच माहीत नव्हतं. ती बदली मागून गेली असती, आणि मग लोक वर्षानुवर्षं म्हणत राहिले असते की आमची सुईणबाई ती सुईणबाई. ते म्हणणं ऐकायला किती गोड लागलं असतं! क्षणभर तिला ते लागलंही. मग तिला विझलेली चूल दिसली, आणि काखेत ओंडका धरून डोळे मिटलेला तरणा मिसदी.

"ते तुला घाबरले नाहीत, पोरी," ती म्हणाली. "रखवालदाराला घाबरले. तुझी गाडी त्याच्यासारखी वाजते."

"आणि तुमची?"

रुमियाती खाली वाकली आणि पलंगाखालून गाठोडं ओढलं. कापड उलगडलं. लारस त्या काळपट डब्यापुढे वाकली.

"तुम्हाला माहीत होतं हे असं होणार?"

"होतं."

"मग का काढलात?"

"माझं म्हणायला दुसरं काही नव्हतं गं." तिला रडू आलं नाही. फार दिवसांनी खरं बोलल्यावर येतो तसा थकवा आला. "त्या मुलीला काही झालं असतं तर मी कुठे तोंड दाखवणार होते?"

लारसने मान खाली घातली. रागावली होती, आणि का रागावू नये? चिखलाचे बूट काढून तिने दारात ठेवले, पट्टीचा हात जपत अंगणात लावलेल्या गाडीपाशी गेली, आणि हत्यारांच्या डब्यातून पाना काढून रुमियातीपुढे धरला.

"मला शिकवा," ती म्हणाली. "तिथे नट सैल झाला तर तुम्ही काय उडत येणार?"

हे वाक्य रुमियातीने आधी ऐकलेलं होतं. तिने पाना घेतला. कारखान्याचा सायलेन्सर उतरवला. जुनी कडी उचकटली, नवी बसवली. नट बोटांनी लावले आणि पोरीला म्हणाली, "ओढू नकोस. तिला तिची जागा सापडू दे." मग इंजिनाकडून मागे आवळत आली. स्प्रिंगा आकड्याने लारसकडून ओढवून घेतल्या. एक निसटली, दोघी दचकल्या, आणि लारसला पहिल्यांदा हसू फुटलं. जेट बदललं. मग रुमियातीने रॉकेलचं फडकं घेतलं आणि नळी पुसायला लागली.

पुसता पुसता ती थांबली. दोघींच्या बोटांचे ठसे नळीभर उमटले होते. वाकणावर वासमोचा जुना ठसा होता, आणि त्याच्याशेजारी तिचा स्वतःचा, आत्ताच लागलेला. एवढा एक राहू दिला असता तर कुणाला कळलं असतं? तापल्यावर भाजून बसला असता, जन्मभर. तिने फडकं पुन्हा रॉकेलमध्ये बुडवलं आणि तो ठसाही पुसून टाकला. गाडी आता तिची नव्हती.

"चालू कर."

लारसने किक मारली. डबा एकदा कण्हला, मग तो खोल आवाज अंगणात भरला. गॅस सोडल्यावर दोनदा खाकरला. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं आणि म्हणालं, "बू बिदान कुठे निघाल्या?" रुमियातीने लारसकडे बोट दाखवलं.

"वर जा," ती म्हणाली. "कुणी बोलावलं नसलं तरी जा. सगळ्या वस्त्यांतून एकदा वाजवत फीर, आणि चेहरा दाखव."

लारस गेली. रुमियाती दारात उभी राहून ऐकत होती. इतकी वर्षं तो आवाज तिच्या मांड्यांखाली होता. लांब जाताना तो कसा ऐकू येतो हे तिला माहीतच नव्हतं. पहिलं वळण, बांबूचं बन, मग धुकं. कुठेतरी वर कालिलुंबूत आता चुलीवर पाणी चढेल, आणि दोर घेतलेले गडी ओढ्याकडे धावतील.

संध्याकाळी ती टपरीवर गेली. सवयीने भिंतीकडच्या टोकाला बसली.

"कोण?"

"मी."

"बस," कार्सी म्हणाली आणि साधा चहा पुढे केला.

रुमियातीने दोन घोट घेतले असतील नसतील, तोच वरच्या वळणावर गाडी खाकरली. कार्सीचा चेहरा एकदम उजळला. इतक्या दिवसांत तिला तसं कुणी पाहिलं नव्हतं. ती लगबगीने उठली, चाचपत पातेलं शोधलं.

"आली गं बाई, सुईणबाई आली! कुठे गेली होती इतके दिवस कोण जाणे. ए बाई, तू जरा तिकडे सरक. भिंतीकडची जागा तिची आहे."

रुमियाती पेला उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. कार्सी बोटांनी डबे हुडकत होती.

"आलं जास्त घाल, यू," रुमियाती म्हणाली. "वरून गारठून येते ना."

कार्सीचा हात थांबला. "तुला गं कसं ठाऊक, तिला जास्त आलं लागतं ते?"

"ऐकून आहे," रुमियाती म्हणाली, आणि उरलेला चहा संपवला.